मुलांचा 'पडदा' बंद करू नका : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी भरायला वाचनालयात आले होते. देवघेवीच्या खिडकीशेजारच्या फलकावर आपली सूचना लावलेली दिसली. 'दिवाळी सुट्टीतील किशोरांसाठीचा चित्रपट उपक्रम यंदापासून बंद करण्यात येत आहे. पालक व सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली सही आणि शिक्का. कारण काही दिलेलं नव्हतं. ग्रंथपालांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, ठराव झालाय. माझ्या हातात काही राहिलं नाही." त्यांना मी पुढे काही विचारलं नाही. गेल्या चार दिवाळ्यांत शेवटचं पोर घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय त्यांनी वाचनालयाला कुलूप लावलेलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहिते आहे. हा निर्णय ज्या मुलांबद्दल झाला, ती आपल्या सभेला येऊ शकत नाहीत. त्यांना मत नाही. त्यांच्या वतीने कुणातरी मोठ्या माणसाने बोलायला हवं.

मी २१ वर्षं वाचनालयाची सभासद आहे. मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि आपल्यापैकी तिघांच्या घरचे कपडे माझ्याकडेच शिवले जातात, तेव्हा मी कोण हे आपल्याला ठाऊक आहे. माझी मुलगी बारावीला आहे. धाकटा यंदा आठवीत गेला.

मुलगी लहान असताना शाळा सुटली की थेट बालविभागात जायची. मी दुकान बंद करून तिला घ्यायला यायची. मग तिला बारा पूर्ण झाली आणि बालविभागाचं कार्ड संपलं. आपला नियम आहे तो. बालविभाग बाराव्या वर्षापर्यंत, अभ्यासिका अठरा पूर्ण झाल्यावर. मधल्या मुलांनी आईवडिलांच्या कार्डावर पुस्तक न्यायचं, तेही खिडकीवर नाव सांगून, कारण मोठ्यांच्या विभागात मुक्तद्वार नाही आणि कपाटांना कुलपं. एक दिवस ती रिकाम्या हाताने परत आली. म्हणाली, "आई, मला कुठल्याच पुस्तकाचं नाव माहीत नव्हतं. मला बघून घ्यायचं होतं." त्यानंतर वर्षभर ती वाचनालयाची पायरी चढली नाही. मी खूप समजावलं. पण तिचं खरं होतं. तिच्यासाठी तिथे उभं राहायलाही जागा नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ग्रंथपाल, एक निवृत्त शिक्षिका आणि आम्ही पाच-सहा पालक बसलो आणि ठरवलं, की भाऊबीज झाल्यावर शाळा सुरू होईपर्यंत चार संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी सिनेमा लावायचा. प्रोजेक्टर एका माध्यमिक शाळेने दिला, स्पीकर गल्लीतल्या गणेश मंडळाचे. पडदा मी शिवला.

त्या पडद्याबद्दल जरा सांगते. बारा फूट लांबीचं जाड पांढरं केसमेंट घेतलं, पण पन्हा साडेचार फुटांचाच, म्हणजे जोड देणं आलंच. शिवण मधोमध घेतली तर ती नेमकी माणसांच्या तोंडावरून जाते. म्हणून वरती पूर्ण पन्हा ठेवला, खाली अर्धा जोडला. वरच्या नेफ्यात बांबू, आणि पंख्याच्या वाऱ्याने कापड हलू नये म्हणून खालच्या नेफ्यात सळई. पहिल्या संध्याकाळी दिवे बंद झाले तेव्हा मी सगळ्यात मागे उभी राहून नुसती ती शिवण बघत होते. ती कुणालाच दिसली नाही. तेव्हापासून मुलं या कार्यक्रमाला 'पडदा' म्हणतात. गणपती बसले की दुकानाच्या दारात येऊन विचारायला लागतात, "काकू, यंदा पडदा कधी?"

आपल्यापैकी काहीजण पहिल्या वर्षी उद्घाटनाला येऊन गेलात. पुढे काय होत गेलं, ते पाहायला बहुतेकांना सवड झाली नसावी.

खाऊसाठी आम्ही वर्गणी काढली नाही. भाऊबीज झालेली असते, घराघरांत फराळ उरलेला असतो. ज्याला जमेल त्याने डबा आणायचा आणि दारातच एका मोठ्या परातीत ओतायचा, असं ठरवलं. दगडी पोह्यांचा, मक्याचा, भाजक्या पोह्यांचा, सगळा चिवडा एकत्र. शंकरपाळे त्यातच. मग कागदाचे द्रोण करून वाटायचा. हे शिक्षिकाबाईंनी सुचवलं आणि त्यामागचं कारण मला दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. कुणी डबा आणला, कुणी नाही, हे परातीत ओतल्यावर कळत नाही. ज्यांच्या घरी फराळ झालाच नव्हता अशीही मुलं त्या सभागृहात होती, आणि ती इतरांसारखीच मूठभरून खात होती.

दुसऱ्या वर्षी एक मुलगा यायचा. पंधरा वर्षांचा, सुट्टीत दुचाकीच्या गॅरेजवर कामाला. हात कितीही धुतले तरी नखांतलं काळं जायचं नाही, म्हणून द्रोण घेताना हात आखडून घ्यायचा. यायला रोज उशीर, मागच्या भिंतीला टेकून उभा. तिसऱ्या संध्याकाळी सिनेमा संपला, मुलं चपला शोधत होती, तेव्हा तो पुढे आला आणि ग्रंथपालांना म्हणाला, "सर, यावर पुस्तक पण आहे ना? नावं येतात त्यात लिहिलं होतं." पुस्तक आपल्याकडे होतं. चौदा नंबरच्या कपाटात, काचेच्या आड. किल्ली कार्यालयात आणि कार्यालय बंद. तो काचेला हात न लावता वाकून पुस्तकाची पाठ बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, गॅरेजवर जायच्या आधी, तो खिडकीवर हजर होता. त्याच्या नावावर कार्ड होऊ शकत नव्हतं, म्हणून ग्रंथपालांनी ते पुस्तक स्वतःच्या नावावर काढून दिलं. चौथ्या दिवशी परत आलं, खाकी कागदाचं कव्हर घालून.

असं एकच मूल होतं असं नाही. माझी मुलगीही त्याच वाटेने परत वाचनालयात आली. देवघेवीची नोंदवही आपल्याकडे आहे. या चारही वर्षांत दिवाळीनंतरच्या महिन्यात पालकांच्या कार्डावर कोणती पुस्तकं गेली, ती पानं एकदा स्वतः उघडून पाहा. मी आकडा सांगणार नाही, आपणच मोजा.

आता आपल्या कारणांकडे येते. सूचनेत ती नाहीत, पण गावात कानावर आली. ती खरी नसतील तर तसं आपण सांगावं.

वाचनालय ही करमणुकीची जागा नाही, असं सभेत म्हटलं गेल्याचं कळलं. ज्या खिडकीवर मी दिवाळी अंकांची वर्गणी भरत होते, तिथेच ही सूचना लागली होती, म्हणून हे वाक्य मला फार लागलं. आपल्या वाचनालयाची वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी दिवाळी अंकांना होते. पहिला दिवाळी अंक १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढला, आणि ज्या मासिकाचा तो अंक होता त्याचं नावच 'मनोरंजन' होतं. करमणूक म्हणून घरात आलेली ती प्रथा आज शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी माणसाला वाचतं ठेवते आहे. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. त्या वाचायला लागल्या त्या दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांपासून, मग कथा, मग कादंबऱ्या. माणूस कुठल्या दारातून आत येतो याची काळजी वाचनालयाने कशाला करावी? तो आत आला पाहिजे.

चांगला सिनेमा मुलांना दाखवणं हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. मुलांसाठी वेगळे चित्रपट व्हावेत म्हणून केंद्र सरकारने १९५५ साली बालचित्र समिती स्थापन केली होती. मी नगरपालिकेच्या शाळेत असताना आम्हाला दोघी-दोघींच्या रांगेने सकाळच्या खेळाला टॉकीजमध्ये नेत. ती समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आणि आपल्या गावातली ती टॉकीज आता मंगल कार्यालय आहे. आज गावातल्या मुलाला मोठ्या पडद्यावर काही बघायचं तर एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचं. तिकीट, प्रवास, खाणं मिळून एका पोरामागे पाचशेची नोट मोडते. कितीजणांना परवडतं? उरतो मोबाइल. एकट्याने, कोपऱ्यात, तीस-तीस सेकंदांचं काहीतरी अंगठ्याने सरकवत. साठ मुलं अंधारात एकत्र बसून दोन तास एकच गोष्ट बघतात, एका जागी सगळी हसतात, एका जागी सगळी गप्प होतात, हे त्यांना वर्षातून चार दिवस मिळत होतं.

अभ्यासिकेतल्या मुलांना त्रास होतो, हे दुसरं कारण. ही तक्रार खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ती मुलं दिवसाचे बारा-बारा तास बसतात. काहींची वयाची मर्यादा संपत आली आहे. गेल्या वर्षी त्यातले दोघे खाली येऊन बोलले. आम्ही तिथल्या तिथे आवाज उतरवला आणि जिन्याकडच्या दाराला जाड सतरंजी टांगली. त्यानंतर कुणी आलं नाही. आमचं चुकत असेल तर अजून उपाय करू. पण एक विचारते. वसंत व्याख्यानमालेचा कर्णा अंगणात सात दिवस लागतो, तेव्हा अभ्यासिका वरच असते. व्याख्यानमाला बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही, मी स्वतः एकही व्याख्यान चुकवत नाही. मोठ्यांच्या कार्यक्रमात अडचण आली तर आपण मार्ग काढतो. मुलांच्या कार्यक्रमात आली तेव्हा तो कार्यक्रमच बंद केला.

तिसरं कारण लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिते. मुलं-मुली अंधारात एकत्र बसतात, अशी काही पालकांची तक्रार आहे म्हणे. मी एका मुलीची आई आहे. चारही वर्षं मी त्या सभागृहात हजर होते. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक पालक बसतो, दोन्ही दारांचे दिवे चालू असतात, आणि निघताना मुलं गटाने सोडली जातात. ही मुलं एका वर्गात शिकतात, एकाच क्लासला जातात, एकाच एसटीने येतात. मोठ्या माणसांच्या नजरेसमोर, निकोप वातावरणात एकत्र बसायची गावात जी एक जागा होती, ती आपण काढून घेतलीत. ज्या पालकांना काळजी वाटली त्यांना माझ्याकडे पाठवा. मी त्यांच्याशी बोलेन, त्यांना माझ्या शेजारी बसवून घेईन. पण कुणीतरी कुजबुजलं म्हणून साठ मुलांवर संशयाचा शिक्का बसावा, हे मला मान्य नाही. सूचनेत कारण न लिहिल्यामुळे नेमकं तेच झालंय. 'तुम्ही काय केलंत म्हणून बंद केलं?' असं मुलींना घरी विचारलं जातंय.

चौथं कारण कायद्याचं, आणि यात पहिल्या वर्षी चूक आमची होती. कुणीतरी पेन ड्राइव्हवर सिनेमे आणले आणि आम्ही ते लावले. चुकीचं होतं. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा शाळा-महाविद्यालयांना सवलत देतो. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता सिनेमा त्यांना दाखवता येतो. सार्वजनिक वाचनालय त्या सवलतीत बसत नाही, तिथे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. हे आम्हाला एका वकील सभासदांनी समजावलं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही लेखी परवानगीशिवाय एकही चित्रपट लावलेला नाही. काही निर्मात्यांनी उत्तर दिलं नाही, ते चित्रपट आम्ही सोडून दिले. काहींनी नाममात्र रकमेत परवानगी दिली, एकाने तर आनंदाने फुकट दिली आणि मुलांना कसा वाटला ते कळवा म्हणून लिहिलं. ती सगळी पत्रं वाचनालयाच्या फाइलमध्ये आहेत. कोणत्या वयाला काय दाखवायचं हाही प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटांना ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे वेगवेगळे 'यूए' दाखले मिळतात. आम्ही प्रत्येक चित्रपट आधी दोन पालकांनी पूर्ण पाहूनच निवडतो.

भिंतीला तेलकट हात लागले, खुर्चीचा एक पाय मोडला, हेही कानावर आलं. रंग आम्ही देऊ, खुर्ची दुरुस्त करून आणू. त्यावर जास्त लिहीत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ठराव करण्याआधी आपण कुणालाच विचारलं नाही. पालकांना नाही, शिक्षिकाबाईंना नाही, ज्यांनी चार वर्षं सुट्टी न घेता हे सांभाळलं त्या ग्रंथपालांनाही नाही. गेल्या वर्षीच्या अहवालात या कार्यक्रमाचं छायाचित्र आपण छापलं होतं. त्यातली पुढच्या रांगेतली मुलं आज मला विचारतात, आम्हाला का नको म्हणाले? त्यांना सांगायला माझ्याकडे काही नाही.

आपलं वाचनालय शासनमान्य आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली त्याला अनुदान मिळतं. ते अपुरं आहे, कर्मचाऱ्यांच्या हातात फार थोडं पडतं, आणि आपण सगळे पदरमोड करून संस्था चालवता, याची मला जाणीव आहे. त्याबद्दल आदरच आहे. पण त्या नावातला 'सार्वजनिक' हा शब्द तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी आपल्या इमारतीत एक खुर्ची नाही, एक फळी नाही, एक कार्ड नाही. होत्या त्या चार संध्याकाळी.

माझं मागणं असं आहे. ठराव पुढच्या सभेपर्यंत स्थगित ठेवा, आणि त्या सभेत पालकांना, ग्रंथपालांना आणि मुलांपैकी निदान दोघांना बोलू द्या. त्यानंतरही बंदच करायचं ठरलं, तर कारणं फलकावर स्पष्ट लिहा, म्हणजे मुलांवर विनाकारण डाग राहणार नाही. यंदा दिवस थोडे उरलेत. चार जमणार नसतील तर दोन संध्याकाळी द्या, पाच ते साडेसात, अभ्यासिकेला जी वेळ सोयीची असेल तीही चालेल. दोन चित्रपटांच्या परवानग्या गेल्या महिन्यातच हातात आल्या आहेत. सभागृहाची, खुर्च्यांची आणि मुलांना घरी पोचवण्याची जबाबदारी आम्ही आठ पालक सह्या करून घेतो.

आणि सुट्टी संपल्यावर एक कायमचं काम करा. १३ ते १७ साठी वेगळं कार्ड सुरू करा, अनामत परवडेल इतकीच ठेवा, आणि सभागृहाच्या भिंतीलगत एक उघडं रॅक द्या, जिथे मुलांना स्वतः हाताने पुस्तक काढून चाळता येईल. रॅक करून द्यायला एक सुतार सभासद तयार आहेत, लाकडाचा खर्च आम्ही गोळा करू. आपल्याला फक्त चौदा नंबरच्या कपाटाची किल्ली द्यायची आहे.

माझ्या धाकट्याला यंदा तेरा पूर्ण झाली. तीन वर्षं तो ताईला दारापर्यंत सोडायला यायचा आणि वय बसत नाही म्हणून परत जायचा. नियम नियम असतो, म्हणून मीच त्याला परत पाठवत होते. गेल्या वर्षी परतताना त्याने परातीतला मूठभर चिवडा मागितला होता, आणि म्हणाला होता, पुढच्या वर्षी मी द्रोण करणार.

येत्या रविवारी सकाळी दहाला आपली बैठक आहे असं कळलं. मी आणि काही पालक या पत्राची सह्यांसह प्रत घेऊन बाहेर थांबू. आत बोलावलंत तर दहा मिनिटांत सांगून होईल. पडदा मी परवाच धुऊन, इस्त्री करून दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवलाय. बांबूही तिथेच आहे.

आपली,
मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी एक सभासद